वजनकाट्यावरची भेट

डेपोत त्यांना सगळे मिनिटबाई म्हणायचे. तोंडावर अर्थातच नुसतं बाई. हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझा अंदाज असा की थोडं आवडायचंही. बसडेपोच्या मधोमध तीन बाजूंनी काचा असलेली नियंत्रकाची केबिन आहे. तिथे त्या एकोणतीस वर्षं बसल्या. बसल्या हे आपलं म्हणायचं म्हणून. खुर्ची होती, पण तिच्यावर बहुतेक वेळा त्यांची पर्स बसलेली असे. बाई उभ्या. एका हातात ड्यूटीचा तक्ता, दुसऱ्या हातात पेन, गळ्यात गाड्या सोडायचा माइक, आणि डोळे एकाच वेळी फाटकावर, फलाटांवर आणि भिंतीवरच्या घड्याळावर. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं सहायक होते. पुढे जे सांगणार आहे ते त्यांनी मला कधी सलग सांगितलं नाही. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, तुकड्यातुकड्याने सांगितलं. काही मी त्यांच्या यजमानांकडून ऐकलं.

यजमानांचं चष्म्यांचं दुकान. माणूस एवढा संथ, की गिऱ्हाईक बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत पोचलं की यांचं 'या पुन्हा' पूर्ण व्हायचं. बाई त्यांना म्हणत, तुमच्याशी लग्न केलं म्हणून माझा रक्तदाब ताब्यात आहे. ते म्हणत, आणि माझा वाढला आहे. दोघांचं चांगलं चाललं होतं.

डेपोत एक वही होती, बंद पडलेल्या गाड्यांची. रस्त्यावर गाडी बंद पडली की ड्रायव्हर मिळेल तिथून फोन करायचा आणि बाई त्याला आधी तीन गोष्टी विचारायच्या. मैलाचा दगड कितवा? गाडीचं तोंड कुठल्या दिशेला? समोर काय दिसतंय? हे सांगता आलं नाही तर ड्रायव्हरची खैर नसे. मग काय बिघडलं ते. प्रत्येक बिघाडाची वेळ त्यांच्या डोक्यात पक्की होती. पंक्चर पंचवीस मिनिटं, फॅनबेल्ट चाळीस, क्लचची केबल पन्नास. त्याच्या वर वेळ गेला की त्यांना संशय यायचा. निम्मे ड्रायव्हर झाडाखाली आडवे होतात, असं त्यांचं मत होतं. 'बाई, गाडी बंद पडलीये' हे वाक्य त्या दिवसातून आठ-दहा वेळा ऐकायच्या, आणि शाळेतल्या बाई पोरांच्या पोटदुखीवर ठेवतात तितकाच विश्वास त्यावर ठेवायच्या.

गंमत म्हणजे बंद पडलेल्या गाडीत त्या स्वतः कधी बसल्या नव्हत्या. घर डेपोपासून चालत सहा मिनिटांवर.

बाईंना एक मोठी बहीण. त्या तिला अक्का म्हणत. अक्का लग्न करून सीमेपलीकडच्या देशात गेली होती आणि तिकडचीच झाली होती. वर्षातून एकदा यायची. आई मात्र बाईंजवळ. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा बाईंनी पहाटे अक्काला कळवलं आणि अंत्यविधीची वेळ दुपारी साडेतीनची ठरवली. अक्का दोनपर्यंत पोचायला हवी होती. पोचली सहा वाजता. तोवर सगळं उरकलं होतं. लोक घरी गेले होते, आईची खोली धुऊन झाली होती, गादी उन्हात टाकली होती. अक्का दारात उभी राहून म्हणाली, "माझी गाडी बंद पडली होती. मी निरोप पाठवला होता." बाई म्हणाल्या, "निरोप मिळाला नाही."

अक्का त्याच दिवशी परत फिरली. त्यानंतर अकरा वर्षं दोघींमध्ये एक शब्द नाही. अक्काचे यजमान गेले, तेव्हा बाईंनी पत्र लिहिलं, पण टाकलं नाही.

आता खरी गोष्ट. निरोप मिळाला होता. अक्काला पाठ असलेला एकच नंबर होता, डेपोचा. वाटेतल्या कुठल्याशा शाळेच्या ऑफिसातून तिने डेपोत फोन केला. तिथल्या टेलिफोनवरच्या काकांनी निरोप चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि सायकलवर टांग मारून स्वतः बाईंच्या हातात आणून दिला. 'गाडी बंद पडली आहे. दोन-तीन तास लागतील. थांब.' बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. माणसं जमली होती, वाहन दाराशी आलं होतं. आणि त्यांच्या मनात आलं, उशिरा निघाली असणार, आता गाडीचं नाव सांगते आहे. साडेतीनला त्यांनी सगळ्यांना उठवलं.

चिठ्ठीची गोष्ट त्यांनी यजमानांनाही सांगितली नव्हती. अकरा वर्षं.

मग एका मंगळवारी भाचीचा फोन आला. अक्काची मुलगी लांबच्या देशात, समुद्रापलीकडे स्थायिक झाली होती. ती म्हणाली, "मावशी, मी आईला माझ्याकडे बोलावून घेते आहे, कायमची. गुरुवारी संध्याकाळी आठचं विमान. ती तुला कळवणार नाही, म्हणून मी कळवते. तिला सांगू नकोस." तिने अक्काचा पत्ता आणि नंबर लिहून घ्यायला लावला. बाईंनी तो तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहिला आणि पाच मिनिटांत तीन गाड्या चुकीच्या फलाटावर लावल्या. डेपोच्या इतिहासात असं झालं नव्हतं.

गुरुवारी पहाटे त्या निघाल्या. सीमेपर्यंत आपली बस, पलीकडे खाजगी मिनीबस. हिशेब त्यांनी कागदावर करून ठेवला होता. सीमा आठ वाजता, अक्काचं गाव साडेअकराला. अक्का साडेचारला विमानतळाकडे निघणार. म्हणजे पाच तास हातात. पाच तासांत काय बोलायचं ते मात्र कागदावर नव्हतं. सीमा ओलांडली तशी त्यांच्या मोबाइलची रेंज गेली. हे त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं.

मिनीबसमध्ये दहा-अकरा माणसं होती. बाईंची भाषा त्यांपैकी कुणालाच येत नव्हती. बाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या आणि त्याच्या गाडी चालवण्यावर मनातल्या मनात शेरे मारत राहिल्या. चढावर गिअर उशिरा बदलतो. थांबा घेताना आरसा बघत नाही. दहा वाजून दहा मिनिटांनी पुढून फट्‌ असा आवाज आला. थोड्या वेळाने रबर जळल्याचा वास आणि मग पुढच्या झाकणाखालून पांढरी वाफ. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, खाली उतरून झाकण उघडलं आणि एक काळा तुटका पट्टा सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

फॅनबेल्ट, बाईंनी ओळखलं. चाळीस मिनिटं.

ड्रायव्हरने दोन्ही हातांची दहा बोटं दोनदा दाखवली. वीस मिनिटं. बाईंना बरं वाटलं, आपल्या लोकांपेक्षा हे चपळ दिसतात. मग त्याने उलट दिशेने जाणारा एक ट्रक थांबवला, वर चढला आणि निघून गेला. वीस मिनिटं गेली. चाळीस गेली. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे कापणी झालेली मोकळी शेतं, आणि लांबवर खडी फोडल्यासारखा सतत येणारा आवाज. बाकीची माणसं गाडीच्या सावलीत बसली. एका म्हाताऱ्याने चपला उशाला घेऊन डोळे मिटले. एक बाई बाळाला पाजायला मागच्या सीटवर गेली. कुणाला काही घाई दिसेना. बाई गाडीला फेऱ्या घालू लागल्या. सहाव्या की सातव्या फेरीला त्यांच्या लक्षात आलं की माणसं आपल्याकडे बघत आहेत.

त्या मला म्हणाल्या होत्या, "एवढी वर्षं मी फोनच्या या टोकाला होते गं. त्या टोकाला वेळ कसा जातो हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता."

तासाभराने त्यांनी ठरवलं की आपण कुठे आहोत हे तरी कळायला हवं. मैलाचा दगड शोधायचा. पर्स खांद्याला लावून त्या पुढच्या दिशेने निघाल्या. दहा मिनिटं चालल्या, दगड नाही. पुढे रस्ता वळत होता. वळणापलीकडे असेल म्हणून आणखी गेल्या. दगड सापडला. आकडे वाचता येत होते, पण त्यांच्याखाली गावाचं नाव त्यांना न येणाऱ्या लिपीत. त्यांनी ते चित्र काढल्यासारखं एकेक रेघ बघत कागदावर उतरवून घेतलं. उन्हात डोळे बारीक करून दोनदा ताडून पाहिलं. तेवढ्यात शेजारून एक मोठी बस गेली, अक्काच्या गावच्या दिशेने, भरधाव. खिडकीत चपला उशाला घेणारा म्हातारा बसला होता. त्याने हात हलवला.

बाई परत धावत आल्या. त्यांच्या वयाला आणि वजनाला जमेल तसं धावल्या. गाडीपाशी दोन तरुण उरले होते. बसने बाकी सगळ्यांना घेतलं, यांना जागा नव्हती, असं त्यांनी हातांनी सांगितलं. एकाने बाईंकडे बोट दाखवलं, मग रस्त्याकडे, मग तोंडाभोवती हात धरून हाक मारल्यासारखं केलं. म्हणजे त्यांनी हाका मारल्या होत्या. वळणापलीकडे ऐकू कसं येणार?

एका जागी स्वस्थ बसल्या असत्या, तर गेल्या असत्या. हे बाईंना त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की त्या रस्त्याच्या कडेला मातीत बसल्या. मग दोन मिनिटांत उठल्या. बसून काय होणार?

त्या आता उलट दिशेला निघाल्या, खडीच्या आवाजाच्या रोखाने. थोडं चालल्यावर रस्त्याला लागून एक वजनकाटा दिसला. जमिनीसपाट लोखंडी फळी, तिच्यावर खडीचा ट्रक उभा, आणि बाजूला एक छोटी केबिन, तीन बाजूंनी काचा असलेली. आत एक बाई होती, चाळिशीची, डोक्याला रुमाल बांधलेली. खुर्ची होती, पण काटेवाली उभीच होती. तिने लाल आकड्यांकडे पाहिलं, पावती फाडली, ट्रकवाल्याला खिडकीतून दिली आणि हाताने 'चल, पुढे घे' केलं. ट्रकवाला काहीतरी बोलत थांबला, तेव्हा तिने काचेवर पेन टकटक वाजवलं.

बाई मला हे सांगताना हसल्या होत्या. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

काटेवालीने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. बाईंनी हाताने फोनची खूण केली आणि नंबराचा कागद पुढे धरला. टेबलावर जुना काळा फोन होता. काटेवालीने नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. घड्याळात सव्वाबारा झाले होते. पलीकडे घंटी वाजत होती. तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आलं की आता आपल्याला काय वाक्य बोलावं लागणार आहे.

ठेवून द्यावा का, असं त्यांच्या मनात आलं. एवढ्यात फोन उचलला गेला. अक्का त्या परक्या भाषेत काहीतरी म्हणाली. आवाज जाड झाला होता, पण अक्काचाच.

"अक्का, मी बोलतेय," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडे यायला निघाले होते. गाडी बंद पडलीये."

पलीकडे शांत. किती सेकंद ते मोजलं नाही, असं बाई नंतर मला म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मोजलं नसेल. मागे ट्रकचं इंजिन धडधडत होतं. त्यांना वाटलं, आता ती हसेल. किंवा ठेवून देईल. तिने ठेवला असता तर बोलायला तोंड नव्हतं.

अक्का म्हणाली, "कुठे?"

बाईंनी भडाभडा सांगितलं. दगडाचा आकडा, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला, समोर वजनकाटा, मागे खाण. गावाचं नाव वाचता येत नाही, चित्र काढून आणलंय. अक्का म्हणाली, "ज्यांचा फोन आहे त्यांना दे." काटेवाली आणि अक्का बराच वेळ बोलल्या. काटेवालीने मध्येच बाईंकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि फोनमध्ये काहीतरी सांगितलं. मग रिसीव्हर परत दिला.

"तू तिथून हलू नकोस," अक्का म्हणाली. "मी येते."

"तुझं विमान आहे ना? आठचं."

"मला माहीत आहे ते. हलू नकोस म्हटलं ना."

फोन बंद झाला.

आता बाईंच्या जीवाची जी घालमेल सुरू झाली ती आधीच्या दोन तासांत नव्हती. त्यांनी कागद काढला. अक्काचं घर इथून सत्तर किलोमीटर. टॅक्सी मिळायला वेळ, सामान भरायला वेळ. दोनपर्यंत येईल. परत तेवढंच अंतर, आणि विमानतळ गावाच्या पलीकडे आणखी चाळीस मिनिटं. साडेपाचला तिथे हजर पाहिजे. म्हणजे इथून सव्वातीनच्या आत निघायलाच हवं. आणि टॅक्सीचं चाक बसलं तर? फॅनबेल्ट तुटला तर? माझ्यापायी तिचं विमान चुकलं तर? पेन्सिलीने त्यांनी तो हिशेब चार वेळा केला. उत्तर तेच यायचं, पण समाधान होत नव्हतं.

काटेवालीने स्टूल पुढे सरकवलं. बाई बसल्या, उठल्या, दारात गेल्या, रस्ता पाहून आल्या. पुन्हा बसल्या. ट्रक येत होते, फळीवर चढत होते, आकडे थरथरत स्थिर होत होते. एक वाजता काटेवालीने डबा उघडला आणि अर्धा झाकणात काढून त्यांच्यापुढे ठेवला. नाही म्हणणं बरं दिसेना म्हणून बाईंनी खाल्लं. मग काटेवालीने एक केलं. पावत्यांचा गठ्ठा आणि शिक्का त्यांच्यापुढे ठेवला, मागच्या कोऱ्या पावत्यांवर शिक्का कुठे मारायचा ते दाखवलं आणि आपल्या कामाला लागली. बाईंनी शिक्के मारले. एकाखाली एक, नीट, कडेला समांतर. गठ्ठा संपला तशी तिने दुसरा दिला. बाई म्हणाल्या, "ती बाई फार हुशार होती. तिने मला तासभर जागेवर बसवलं. हे माझ्या आईला जमलं नव्हतं."

मध्येच मिनीबसचा ड्रायव्हर घामाघूम होऊन परतला. नवा पट्टा आणला होता. लावून पाहिला, बोटभर आखूड. तो पुन्हा ट्रक थांबवून गेला. डेपोतला कुणी असता तर बाईंनी त्याची सालटी काढली असती. पण त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला त्यांनी पाहिला, आणि तो झाडाखाली आडवा झाला नव्हता हेही पाहिलं.

दोन वाजून पाच मिनिटांनी टॅक्सी आली. टपावर दोन सुटकेसा दोरीने बांधलेल्या. अक्का उतरली. केस पार पांढरे, एका पायाने जरा लंगडत होती. बाईंना तो पाय ठाऊकच नव्हता. बाई केबिनमधून बाहेर आल्या आणि लोखंडी फळीवरच उभ्या राहिल्या. अक्काही तिथवर आली. काय करावं दोघींना कळेना.

"पायाला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पडले होते. झाली तीन वर्षं." अक्काने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "किती काळवंडलीस उन्हात. टोपी नाही का घालता येत?"

काटेवालीने केबिन रिकामी करून दिली आणि स्वतः बाहेर ट्रकांपाशी उभी राहिली. दोघी आत बसल्या, एक स्टुलावर, एक खुर्चीवर. अक्का प्रवासाचं सांगू लागली. मुलीचं घर नवव्या मजल्यावर आहे म्हणे, खिडकी उघडत नाही म्हणे, तिथे मी करणार काय दिवसभर. बाई हो, नाही म्हणत होत्या. त्यांची नजर घड्याळावर. दोन वीस. दोन पंचवीस. आणि त्या अचानक मध्येच म्हणाल्या, "अक्का, त्या दिवशी निरोप मिळाला होता."

अक्काने त्यांच्याकडे मान वळवली.

"चिठ्ठी माझ्या हातात होती. थांब म्हणून लिहिलेलं वाचलं मी. तरी थांबले नाही. मला वाटलं तू खोटं सांगतेस."

"मला माहीत आहे," अक्का म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"चिठ्ठी दिली होती ते. टेलिफोनवरचे ते काका मला त्याच संध्याकाळी डेपोच्या फाटकापाशी भेटले. बिचारे माफी मागत होते. म्हणाले, मी तर ताबडतोब बाईंच्या हातात नेऊन दिली." अक्का टेबलावरचा शिक्का उचलून त्याच्याशी चाळा करू लागली. "तू थांबली नाहीस ना, त्याचा राग मला घरी पोचेपर्यंत होता. तुझा स्वभाव मला माहीत नाही का? पण तोंडावर सांगितलंस, निरोप मिळाला नाही. त्याचं मला फार लागलं. आईच्या दारात उभी राहून सांगितलंस."

नंतर त्या मला म्हणाल्या की चूक झाली, माफ कर, असं काहीतरी त्या बोलल्या असाव्यात, पण नक्की शब्द आठवत नाहीत. अक्काने मात्र त्या दिवसाचं सगळं सांगितलं. गाडी कशी गरम झाली, ती शाळेपर्यंत कशी चालत गेली, ऑफिसातल्या शिपायाने आधी फोनला हात लावू दिला नाही, आई गेली म्हटल्यावर कसा तो स्वतः नंबर लावून देऊ लागला. पिशवीत आईसाठी विणलेला लोकरीचा स्वेटर होता. तो घालायला आई नाही हे माहीत असूनही घेतला होता. परत जाताना तो तिने त्या शिपायालाच दिला. हे अकरा वर्षांत तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बाई ऐकत होत्या आणि घड्याळ बघणं त्यांना थांबवता येत नव्हतं. अक्का म्हणाली, "बघ खुशाल. तू बघितलं नाहीस तर माझं विमान चुकेल."

तीन वाजता बाईंनीच तिला उठवलं. या वेळी हात धरून उठवलं. अक्काने पर्समधून किल्ली काढली. "घर या महिनाअखेरपर्यंत माझंच आहे. तिथे जाऊन झोप. सकाळी नऊला घरमालक येईल, त्याला किल्ली दे. आणि हे बघ, घाईत निघाले, गॅस बंद केला की नाही आठवत नाही. आधी ते बघ."

टॅक्सीत बसताना तिने बाईंच्या कानामागची बट मागे सारली, लहानपणी शाळेत पाठवताना सारायची तशी. टॅक्सी वळली. टपावरची एक सुटकेस जरा कललेली होती. ती पडेल का, या विचारात बाई दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

योग्य मापाचा पट्टा घेऊन ड्रायव्हर चारला आला. काटेवालीने निरोप घेताना त्यांच्या हाताने शिक्के मारलेली एक कोरी पावती त्यांना दिली. तिच्यावर तिने फोनचा नंबर लिहिला होता. बाईंनी आपला डेपोचा नंबर दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दिला.

मग सत्तर किलोमीटर फक्त गॅस. घरात गॅस कोंडला असेल, कुणी बटण दाबलं असेल, शेजारचं मूल असेल. बाई सीटच्या टोकावर बसून होत्या. अक्काचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. त्या जिन्याने धावत चढल्या, कुलूप काढलं, स्वयंपाकघरात गेल्या. गॅस बंद होता. नळीही काढून ठेवलेली होती.

घर रिकामं. एका खोलीत एक गादी आणि एक खुर्ची. भिंतींवर चित्रं काढल्याचे फिकट चौकोन. ओट्यावर एक कप पालथा. अजून उजेड होता. आता करायचं काही उरलं नव्हतं, आणि तेच बाईंना सोसेना. त्यांनी झाडू शोधला आणि झाडलेलं घर पुन्हा झाडलं. मग मोरीत एक फडकं मिळालं, तेव्हा खिडक्यांच्या काचा पुसायला घेतल्या, आतून, आणि हात पोचेल तितक्या बाहेरून. पलीकडच्या इमारतीतली एक म्हातारी बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. शेवटी तिने हात हलवला. तिला त्या अक्काच वाटल्या असाव्यात. बाईंनीही हात हलवला.

अक्का विमानात वेळेवर बसली की नाही, हे त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी सीमा ओलांडून रेंज आल्यावर कळलं. भाचीचा दोन शब्दांचा निरोप होता. तो त्यांनी सीमेवरच्या बाकावर बसून वाचला आणि मग तिथेच रडल्या, असं यजमान सांगतात. बाईंनी मला हे सांगितलेलं नाही.

परत आल्यावर त्या बदलल्या, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच दिवशी सात मिनिटं उशिरा आलेल्या ड्रायव्हरला त्यांनी उभा सोलला. फक्त बंद पडलेल्या गाडीचा फोन आला की तीन प्रश्नांनंतर त्या आता आणखी विचारायच्या, प्रवाशांना पाणी आहे का? पहिल्यांदा विचारलं तेव्हा पलीकडचा ड्रायव्हर इतका गोंधळला की त्याने नंबर चुकला समजून फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी केबिनमधला फोन वाजला. ही आमची सगळ्यात गर्दीची वेळ. फाटकाशी अकरा गाड्या उभ्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, फलाटांवर पाय ठेवायला जागा नाही. मी फोन घेतला. लांबून, मध्येमध्ये तुटणाऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "तिला दे. मी अक्का." मी रिसीव्हर पुढे केला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं, आणि गळ्यातला माइक काढून माझ्या हातात दिला. एवढ्या वर्षांत तो त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. पर्स खाली ठेवून त्या खुर्चीवर बसल्या, पाठ आमच्याकडे करून. मी घसा साफ केला आणि पहिली गाडी सोडली.